टकलावरचा ठिपका

...आणि वर मलाच म्हणतात, "संजयराव, तुम्ही फार बघत बसता." आता बघायला नको का? तुम्हाला सांगतो, भोसरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी तपासणी खात्यात होतो, बेअरिंगचा छर्रा केसाएवढा वाकडा असला तरी रिजेक्ट, असा माणूस निवृत्त झाल्यावर जुनी नाणी जमवायला लागला तर काय डोळे मिटून घेणार आहे? अहो, भेंडीसुद्धा आपण शेंडा मोडून बघून घेतो, आणि सव्वाशे वर्षांचा चांदीचा रुपया मात्र 'द्या बांधून' म्हणून घ्यायचा? नजर लागते हो त्याला.

तर रविवार पेठेत अमीनभाईंचं दुकान आहे, आजोबांपासून नाण्यांचा धंदा, दुकान एवढं की तिसरं गिऱ्हाईक आलं तर त्यानं श्वास बाहेर जाऊन घ्यायचा. तिथं मला दिसला एकोणीसशे तीनचा रुपया, सातव्या एडवर्डचा. आता या एडवर्डची पंचाईत अशी, की राणीच्या रुपयावर राणीला मुकुट आहे, नक्षी आहे, एखादा ओरखडा त्यात खपून जातो, पण हा पडला टकला. मोकळं मैदान. माशी बसून गेली तरी दिसायची. मी भिंग लावलं. कडेला एक टोचा, म्हणजे कधीतरी कुणाच्या हातून फरशीवर पडलेला. दाढीजवळ एक बारीक ओरखडा. चालतं, या वयात माणसालाही एवढं असतंच. कुणी कडी जोडून गळ्यात घातलेला नव्हता, कुणी घासून चकचकीत केलेला नव्हता, आणि हे फार महत्त्वाचं बरं का, कारण घासलेलं नाणं म्हणजे केस काळे केलेला म्हातारा, लांबून बरा, जवळ गेलं की कळतं... तर सगळं जमलं होतं. आणि टकलावर एक काळा ठिपका.

हा ठिपका काय असेल? मळ असला तर प्रश्नच नाही, धुतला की गेला. पण तिथं चांदीच खाल्ली गेली असेल तर खाली खड्डा, मग संपलं. आणि घेतल्याशिवाय धुता येत नाही, नखानं खरवडायचं तर नाहीच नाही, नाहीतर ठिपका होता तिथं ओरखडाही येतो. मग काय करायचं? बघायचं. एक शनिवार बघितलं. दुसऱ्या शनिवारी बॅटरी घेऊन गेलो. तिसऱ्या शनिवारी वारज्याहून माझ्या मेहुण्याला, साईनाथला घेऊन गेलो, त्याचं चष्म्याचं दुकान आहे, म्हटलं याची तरी नजर तयार असेल. त्यानं दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "भाऊजी, मोतीबिंदू नाही, एवढं नक्की."

चौथ्या शनिवारी अमीनभाई म्हणाले, शांतपणे हं, आवाज चढवणारा माणूसच नाही तो, "संजयराव, नाणं आहे तसंच आहे. माझ्या काउंटरची काच मात्र तुमच्या कोपरांनी झिजली."

मी म्हटलं, "अमीनभाई, नजर लागते त्याला."

"लागलीच आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात एक आजी आत आल्या. वाघोलीच्या तुळजाबाई. नऊवारी लुगडं, ठसठशीत कुंकू, बाहेर लेकाची गाडी रस्त्याच्या मधोमध उभी आणि मागं सगळी पेठ हॉर्न वाजवतेय. "चांदीचा रुपाया हाय का? खरा पायजे. नव्या बंगल्याच्या पायात घालायचाय, सोमवारी पायाभरणी हाय." अमीनभाईंनी वीसेक रुपयांचा ट्रे पुढं केला. आजींनी ट्रेकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात रुपया. "भाऊ, तुमी जाणकार दिसताय. ह्यातला कंचा चांगला?"

आता मी काय करायला हवं होतं? तोंड मिटून घरी जायला हवं होतं. पण एकतीस वर्षं ज्यानं दुसरं काही केलं नाही, त्याच्यापुढं कुणी ट्रे धरून 'तपासा' म्हटल्यावर राहवतं का? सुरू झालो. हा घासलाय. ह्याला कडी जोडलेली होती, ही बघा जोडाची खूण. ह्याची अक्षरं गेली. ह्याला सराफानं टोचून बघितलंय. विसाच्या वीस रिजेक्ट.

"आन् तुमच्या हातातला?"

"हा नको आजी. टोचा आहे, ओरखडा आहे, वर ठिपका."

"मला कुठं त्याचं तोंड बघायचंय? पुरायचाय."

"मग यातला कुठलाही पुरा की."

"समद्यांला आत्ताच नावं ठिवली ना तुमी? भूमीला वंगाळ कसा घालू? घराला नजर लागती." आणि माझ्या बोटांतून रुपया घेऊन त्यांनी तो सरळ काचेवर टाकला. मी डोळेच मिटले. खण्ण झालं. "खणखणीत हाय," म्हणाल्या, पैसे दिले, गेल्या. दोन मिनिटं लागली नाहीत, आणि इथं चार शनिवार...

मी अमीनभाईंना म्हटलं, "मी घेणार होतो हे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं ना. कोणत्या वर्षी, ते माहीत नव्हतं."

सोमवारी मी वाघोलीला गेलो. हो, गेलो, दोन बस बदलून, खिशात दुसरीकडून घेतलेला एक बरा रुपया, म्हटलं गयावया करून बदलून मागू. आजींनी लांबूनच ओळखलं. "जाणकार आले," म्हणाल्या, मला पुढं पाटावर बसवलं, हातात चहा दिला. मी हळूच विषय काढला. "आता त्यो पूजंला बसलाय, भाऊ. त्याला उठवायचा व्हय?"

मी कप खाली ठेवला आणि पाट जरा पुढं ओढला.

गुरुजींनी ताम्हनातल्या रुपयावर दूध घातलं, पाणी घातलं, आणि मी 'अहो, अहो' म्हणेपर्यंत अंगठ्यानं पुसला. ठिपका गेला. मळ होता हो, नुसता मळ. मी भर पूजेत भिंग काढलं. खाली खड्डा नाही, काही नाही, टक्कल लख्ख. इतकी वर्षं नाणी बघतोय, इतकं चांगलं नाणं मी बघितलेलं नव्हतं. ते परत हातात धरायला मिळालं, कारण आजी म्हणाल्या, "भाऊ, तुमीच निवडलाय, तुमच्याच हातानं ठिवा." ठेवला. खड्ड्यात वाकून, कडेला धरून, राजाला बोट न लावता ठेवला. मागून काँक्रीट आलं.

बंगला झाला आता. परवा साईनाथ विचारत होता, "भाऊजी, त्या नाण्यात शेवटी दोष निघाला का?"

म्हटलं, नाही रे, नाणं उत्तम आहे. फक्त वर तीन मजले आहेत.