वसंताच्या प्रोग्रामचं माप

चहा घ्या, पण प्रोग्राम मोजतात कसा, हे मले विचारू नका. माझ्या वसंताचा मोजला तेव्हा तो अर्ध्या ताटावरून उठून जायचा.

पोरगा दुर्गच्या रस्त्यावर एका ढलाईच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात कम्प्युटरवर होता. भट्टीत कोणता माल किती टाकायचा, हे सांगणारा प्रोग्राम बनवून राहिला होता. हिशेब चुकला तर लोखंड उसळून माणसं भाजतील, ही धास्ती. तेवढ्यात प्रोग्राम मोजून किती दिवस द्यायचे ते ठरवणारा साहेब आला अन् म्हणाला, “एकच स्क्रीन? छोटा काम है. पंद्रह दिन.”

वसंतानं घरी येऊन सांगितलं, तशी मी म्हटलं, “अन् आतला हिशेब?”

“आई, त्यांच्या पद्धतीत आत काय टाकलं अन् बाहेर काय आलं, एवढंच मोजतात. मधलं डोकं मोजतच नाहीत. तपासाले वेळ कुठून आणू?”

शेवटी त्यानं एका स्क्रीनच्या दहा-बारा केल्या. काम तेच, पण माप फुगलं अन् चार महिने मिळाले. जीव मुठीत धरून तपासत बसला. हिशेब बरोबर निघाला, कोणाले चटका बसला नाही.

मग भट्टीवाला मिस्त्रीच घरी येऊन ओरडला, “भैया, लोहा पिघल जाता है, तुम्हारी स्क्रीन खतम नहीं होती!” वसंतानं पुन्हा एकच स्क्रीन केली.

साहेबानं पुन्हा मोजलं. संध्याकाळी वसंता घरी आला.

“आई, साहेब विचारून राहिले, एवढ्याशा कामाले चार महिने काहून लागले?”