बाकावर टेकवलेली बेस गिटार

रडरडून नुकतंच झोपलेलं बाळ अनुपमानं अकोला स्टँडच्या लाकडी बाकावर निजवलं, तोच दोन वादक गिटारी घेऊन शेजारी बसले.

"अकोटच्या ऑर्केस्ट्रात एकच बेस गिटार पाहिजे, उद्धव्या. थे माहीच. जाड तारा चढवल्या म्या."

"त्यानं मान वाकली ना तिची! माही धारणीच्या सागाची हाये, रविकांत."

"बिजलीशिवाय इथं ऐकू काय येईन?"

"बाकाले टेकव आन् छेड."

"अहो, बाळ उठेल!"

"नाई उठत, ताई," रविकांत म्हणाला.

त्यानं गिटार बाकाला टेकवून तार छेडली. बाळानं ओठ काढला. अनुपमानं पटकन त्याला थोपटलं. मग उद्धवची गिटार बाकातून घुमली. बाळाची मूठ हळूहळू सैल झाली.

"तुम्ही थांबू नका," अनुपमा उद्धवला म्हणाली. "गाडी येईपर्यंत वाजवा."

"हसून काय राहिला, उद्धव्या? वाजव ना! अकोटलेही तूच वाजवजो."