गोधडीवाल्या बाईंचा पत्ता

तुम्हाला वाटतं, मी सासऱ्यांना विचारून गोधड्या विकायला लागले? न्हाय. "आपल्या घरच्या बाईनं धंदा करायचा न्हाय," असं आबांनी आधीच बजावलं होतं. मग मी ऑनलाइन दुकानाला भलतंच नाव दिलं आणि माहेरच्यांसाठी शिवते असं सांगून शिवत राहिले. पण नियमच असा, की विकणाऱ्याचं खरं नाव आणि पत्ता ॲपवर दाखवावाच लागतो.

एकदा आबांच्या लातूरच्या दोस्ताचा फोन आला. आबा फोन स्पीकरवरच ठेवतात. मी तिथंच चहा गाळत होते.

"नातीला गोधडी मागवली, तिची शिवण उसवली. विकणारी तुमच्या बेंबळीचीच हाय. जरा जाब विचारून या."

"पत्ता सांगा," म्हणत आबांनी कागद घेतला.

"मारुतीच्या देवळामागं. नाव सुनंदा, आडनाव तुमचंच हाय बघा. ओळखता का?"

आबांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चहा कपाबाहेर सांडत होता.

"ओळखतो की," आबा म्हणाले. "बाई लई कष्टाळू हाय. तिचा सासराच जरा हेकट हाय. नवी गोधडी तोच पोस्टात टाकून येईल."