रविवारची सीडी

हसा खुशाल, पण ऐका. पुसून पुन्हा वापरता येते अशा एका सीडीवर मी दर रविवारी माझ्या पुस्तकाची फाइल नव्याने उतरवून ठेवतो. गेल्या महिन्यात कॉम्प्युटर बंद पडला तो कायमचाच. खण उघडला, तर सीडी नाही.

“अगं, माझी सीडी कुठंय?”

“गॅलरीत टांगलीय,” बायको म्हणाली. “कबुतरांनी उच्छाद मांडलाय. चमकलं की येत नाहीत.”

माझं कित्येक वर्षांचं काम मुलुंडच्या वाऱ्यावर गरगरत होतं.

“मला विचारायचं तरी.”

“विचारलं की. म्हटलं, हिच्यात काही आहे का? तर म्हणालात, बहुतेक असावं, पण सांगता येत नाही, तपासायला हवं. तुमचं तपासून होईपर्यंत कबुतरांची पिल्लं उडाली असती.”

सीडी सोडवली, फडक्याने पुसली, मुलीच्या लॅपटॉपला ड्राइव्ह जोडून आत सरकवली. फाइल उघडली. सगळी प्रकरणं शाबूत होती. लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि डोळे मिटून बसलो.

“झालं ना तुमचं?” बायको गॅलरीतून म्हणाली. “मग द्या ती इकडे. दोन आलीसुद्धा.”