नेटवर्क नाही म्हणून

नाही गो बाय, तो मोठा नको — मोठा पडदा माझ्या उपयोगाचा नाही, तो बाजूला ठेव — मी विचारलं तेवढंच सांग. हा स्वस्तातला आणि हा महागातला, दोघांचं नेटवर्क सारखंच पळतं का? नाही ना. महागातलं जोरात. म्हणजे समोरच्या माणसाचं चित्र मधेच थिजत नाही, असंच ना? आणि दोन्ही सुटे ना — कुठलंही सिम घातलं तर घेणार ना? त्याचं काय आहे, मागे एकाने इंग्लंडातून आणलेला फोन मला दिला, चकचकीत, पण तिथल्या कंपनीने कुलूप घातलेला, आपल्याकडचं एक सिम धरील तर शपथ. अजून कपाटात पडलाय. मला कुठलंही सिम चालणारा पाहिजे, कारण आमच्याकडे खोलीत एका कंपनीचं नेटवर्क येतं, जनेलातून हात बाहेर काढला तर दुसऱ्या कंपनीचं, आणि पाऊस लागला की कोणाचंच नाही. पैशांचं म्हणशील तर पैसे जावयाने पाठवलेत, महागातल्यापुरते. तरी हा म्हातारा स्वस्तातलाच हातात घेऊन का बसलाय, म्हणून तू हसतेस. हस. हसण्यासारखंच आहे.

मला कशाला लागतो? बोलायला. बघून बोलायला. माझी मुलगी सोनाली, वास्कोला असते, तिला ऐकू येत नाही — जन्मापासून. हातांनी बोलते. जावई अमोल, तोही तसाच, बंदरातल्या एका गोदामात कामाला आहे, माणूस सोन्यासारखा. त्यांच्या खोलीत आवाज म्हणून नाही, पण भांडण लागलं की बघत राहावं — चार हात नुसते पाखरांसारखे. आणि भांडण संपतं कसं, माहीत आहे? सोनाली उठते आणि दिवा घालवते. काळोखात काय भांडणार? तिचंच खरं.

मी दत्ताराम. मूळ दोडामार्गाकडचा, पण हाडं इथे डिचोलीत झिजली. खनिजाचा ट्रक चालवायचो मी, खाणीपासून जेटीपर्यंत, दिवसाला किती खेपा मारल्या तेवढे पैसे, म्हणून जेवणसुद्धा गाडीतच. घरी यायचो तेव्हा पोर निजलेली असायची. मग खाण बंद पडली. ट्रक परड्यात उभा राहिला, त्याच्यावर वेल चढली, लोक डोक्याला हात लावून बसले — मी पण बसलो, खोटं कशाला सांगू. शालिनी, माझी बायको, काजूच्या कारखान्यात जायला लागली आणि मी घरात सोनालीबरोबर. तेव्हा ती आठ वर्षांची. आणि मला तिचं एक अक्षर कळेना. पोटची पोर, आणि मी तिच्यासमोर परक्या देशातला माणूस. मग तिनेच मला शिकवलं. शाळेतून शिकून यायची आणि मला समोर बसवायची, चुकलो की हातावर चापटी मारायची. काही खुणा शाळेतल्या, काही आमच्या दोघांच्याच. हे असं चाक फिरवलं की मी, पप्पा. नाकाच्या फुलीवर बोट ठेवलं की आई. असा पावाचा उंडो मोडला की पदेर, पाववाला. सकाळी पदेराचा भोंपू तिला कुठला ऐकू यायला — पण आमचा कुत्रा कान टवकारून उठला की ही पैसे घेऊन दारात. मला वाटायचं, माझी पोर सगळं ऐकते, फक्त दुसऱ्या वाटेने ऐकते. खाण बंद पडली त्याचं लोकांना दुःख. मला पण होतं. पण ती चालू राहिली असती तर मी माझ्या मुलीशी कधी बोललोच नसतो. हे मी खाणवाल्या लोकांत कधी बोललो नाही. तुला सांगतोय.

शालिनी गेली त्याला दोन पावसाळे झाले. त्यानंतर सोनालीचं लग्न. आता रोज संध्याकाळी तिचा फोन येतो, व्हिडिओवर. आणि आमचं घर कुठे, तर डंपाच्या पायथ्याला. खाणीतली टाकाऊ माती ओतून ओतून झालेला डोंगर गो तो, बघितला असशील रस्त्यावरून. टॉवर त्याच्या पलीकडे. त्यातली किती माती मीच ओतली असेल, देव जाणे. मी माझ्याच हातांनी माझं नेटवर्क पुरलं, असं शेजारी म्हणतात. तर चित्र थिजतं. तुझ्यासारख्यांचं थिजलं तर आवाज तरी येत राहतो — आमचा हात थिजला की वाक्यच थिजलं. एकदा ती पोटावर हात ठेवून काहीतरी सांगत होती, तोंड असं वेगळंच केलेलं. मला वाटलं, पोट दुखतंय. मी सांगितलं, ओवा चाव, गरम पाणी पी. ती पुन्हा पोटावर हात ठेवते, मी पुन्हा ओवा. शेवटी अमोलने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनसमोर धरलं, फोन अगदी जवळ घेतला तेव्हा वाचलं मी — बाळ. आता सातवा चालू आहे. सगळे हसले तेव्हा. मी पण हसलो. म्हटलं, काय करणार, नेटवर्क.

म्हणून तर ती दोघं महागातला घे म्हणतात. सोनालीचा हट्ट. बाळ झालं की पप्पाला स्वच्छ दिसलं पाहिजे. तू म्हणतेस ह्याच्यात थिजणारच नाही? आमच्या खोपटातसुद्धा? डंपाला मागे टाकून? दुसऱ्या कंपनीचा नवा टॉवर झालाय का अलीकडे — हां, त्याची रेंज ह्याला धरते. म्हणजे अजिबात अडकणार नाही.

मग तिला सांगू काय?

काही नाही गो. काही नाही बोललो. तू तो स्वस्तातलाच बांध. अडकेना का थोडा, बरं असतं अडकलेलं. माणसाला तेवढीच... काय बघतेस? मी तुझ्याकडे बघत नाही म्हणतेस? बघतो की. नाव काय सांगितलंस, हर्षा ना — तुझं तोंड दिसतं मला. तोंड दिसतं तेव्हा हात दिसत नाहीत, एवढंच. हाताकडे बघायला गेलो तर तोंड जातं. काचबिंदू म्हणतात. पोफळीच्या पोकळ नळीतून बघावं तसं, आणि नळी आतून चिंचोळी होत चालली आहे. उजवा डोळा तर गेलाच. डाव्यात थेंब घालतो. डॉक्टरीण बरी आहे, तिने खोटा धीर दिला नाही — म्हणाली, गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते थेंबांनी जितके दिवस टिकेल तितके. म्हणून मोठा पडदा नको म्हटलं. मोठ्यावर सोनाली माझ्या नळीच्या बाहेर जाते. लहान फोन लांब धरला तर सगळी मावते, पण मग बोटं तांदळाच्या कण्यांसारखी. आणि आमच्यात हात एक सांगतो आणि तोंड एक सांगतं, दोन्ही मिळून ते वाक्य होतं. नुसते हात म्हणजे चालीवाचून गाणं.

त्या ओव्याच्या दिवशी नेटवर्क चांगलं होतं. सांगून टाकतो आता.

तिला माहीत नाही. मागच्या महिन्यात वास्कोला गेलो होतो, ओटी भरायला आमच्याकडून कोण बाईमाणूस नाही, म्हणून मीच नारळ, खण घेऊन. बसवरची पाटी दिसेना, विचारत विचारत गेलो. स्टँडवर उतरलो आणि उभा राहिलो. ती येणार होती. वाट बघतोय, बघतोय, मनात म्हणतोय, ही अशी उशीर करत नाही कधी. आणि ती बाजूलाच, हात हलवतेय, केव्हाची. हाक मारता येत नाही ना तिला. मग येऊन तिने माझा दंड धरला, आणि मी दचकून हात झटकला — कोण खिसेकापू असेल असं वाटलं. पोटुशी पोर, दोन पावलं मागे गेली. तिला वाटलं पप्पा रागावलाय. दिवसभर विचारत होती, काय झालं, का रागावलास. मी म्हटलं, ऊन लागलं. ते पण तिने किती वेळा विचारलं असेल, त्यातलं मला दिसलं तेवढंच मी धरून चाललोय.

सांगून टाका म्हणतेस. सांगितलं तर काय होईल ते मला माहीत आहे ना. ती सामान बांधून इकडे येईल. अमोल तिच्यामागे येईल. आणि ऐकू न येणाऱ्या माणसाला नोकरी कशी मिळते, ते तू त्या पोरालाच विचार — त्याने किती दारं झिजवली, तेव्हा त्या गोदामवाल्याने ठेवून घेतला. ती नोकरी सोडून इथे डंपाखाली येऊन काय करणार? आणि येऊन बसली समोर, रोज, तरी मला काय दिसणार आहे? तिने बोलायचं आणि मी भिंतीसारखं बसायचं. त्यापेक्षा नेटवर्क नाही, हे बरं. नेटवर्कवर कोण रागावत नाही. नेटवर्कसाठी कोण रडत नाही.

माहीत आहे मला ते, तिने लिहायचं आणि फोनने मोठ्याने वाचून दाखवायचं. आहे माझ्या ह्या जुन्यात, शेजाऱ्याने करून दिलं. पण तिचं लिहिणं म्हणजे — शाळेत मराठी तिला हातांवरून शिकवलेली, शब्द येतात पण ओवलेले नाहीत. ‘पप्पा जेव. गोळी. पाऊस फार. आई आठवण.’ एवढंच. आणि ते वाचते कोण, तर एक बाई, रिचार्ज संपला म्हणून सांगणारी असते ना, तसल्या आवाजाची. तिला ‘आई आठवण’ आणि ‘पाऊस फार’ सारखंच. हातांनी बोलते तेव्हा माझी मुलगी इतकी वेल्हाळ बोलते, बाय, की तुम्ही आम्ही ऐकू येणारे तिच्यापुढे बोबडे. ते सगळं जाऊन चार शब्द राहायचे. राहतील. तेच राहणार आहेत शेवटी, मला कळत नाही असं नाही. पण आणखी थोडे दिवस तरी —

तू काय करतेस? कोणाला लावलास? नंबर तुला कुठे — हां, माझा जुना फोन तुझ्याच हातात, त्यातला बघून ह्या महागातल्यावरून लावलास. वेग दाखवायला? मला नको दाखवू. बंद कर गो. उचलला? सोनालीने उचलला?

बरं. बरं, धर माझ्यासमोर. हसू दे मला जरा. ती हसतेय ना? पण थांब, तू बाजूला उभी राहून मला सांग, ती हात कसे करतेय ते सांग, मी लावतो अर्थ. दोन्ही हातांनी चाक धरल्यासारखं — तो मी, पप्पा. मग? तळहात उघडून वर — कुठे आहेस. मी सांगतो तिला, दुकानात. मग? पोटावर हात, आणि बोटं उडवल्यासारखी... पोरगं लाथा मारतंय गो. लाथा मारतंय म्हणते. सांग, सांग, पुढे सांग. फोनकडे बोट, अंगठा वर — फोन चांगला आहे, स्वच्छ दिसतं, म्हणते ती. हो. स्वच्छ आहे. मी पण अंगठा दाखवतो. बघ कसं जमलं. तू सांगत गेलीस तर —

थांबली? का थांबली? डोकं वाकडं करून बघतेय. माझ्याकडे? मी तुझ्याकडे कान करून उभा आहे, ते दिसलं असेल तिला. आता सरळ बघतो. आता काय करतेय? हात वर केलाय, नुसता धरून ठेवलाय. हलवत नाही? माझ्यासमोर धरलाय. बोटं किती म्हणून विचारतेय ती. सांग ना गो. सांग लवकर, किती आहेत. तुलाच रडू आलं काय आता. बरं, दिसतंय मला, दिसतंय थोडं. तीन. मी तीन दाखवतो.

तीन नाहीत?

मग किती होती?

मूठ. नुसती मूठ धरली होती. एक पण बोट नव्हतं.

आणि आता? हाताने दाखवू नकोस मला, तोंडाने सांग. खाली ठेवलेत. दोन्ही? मांडीवर. तोंड — नको, तोंडाचं सांगू नकोस.

बंद कर बाय. ते तांबडं बटण तूच दाब, मला सापडायचं नाही. माझा फोन दे इकडे. हे दोन्ही घाल परत खोक्यात, जावयाचे पैसे मी परत पाठवतो. मागे कोणी गिऱ्हाईक कधीचं खोकतंय, त्याचं बघ आधी. नको, दंड धरू नकोस. मला पायरी ठाऊक आहे.