दुपारचं पाणी

— देऊ नका म्हणते ना मी, आत्ता तर मुळीच नको. बसा आधी. त्या खाटेवर नको, तिचा एक पाय लंगडा आहे, इकडे ओट्यावर बसा, सावली आहे. तर काय, पानांनी माना टाकल्यात. टाकणारच. या उन्हात तुम्ही-आम्ही टाकतो, ती तर पानं. दुपारी टाकलेली मान म्हणजे आजार नव्हे भाऊ, द्राक्षाची वेल आपली डोळे मिटून पडलेली असते. उजाडताना जाऊन बघा — शेंडा ताठ असला तर समजायचं तहान नाही, नुसतं ऊन आहे. सकाळीसुद्धा पडलेलाच दिसला तर मात्र मला हाक मारा, कुंपणावरून मारली तरी ऐकू येते. शेजारचा मळा तुम्ही घेतलात हे बरंच झालं, पडीक पडला असता.

पहिलीच छाटणी ना तुमची, म्हणून जीव वरखाली होतो. छाटल्या छाटल्या द्यायचं ते पाणी वेगळं — तेव्हा नुसती खोडं उभी, औषधाला पान नाही, आणि तरी जमीन भिजती ठेवायची, तेव्हा हात आखडला तर खोडावरचे डोळे, म्हणजे कोंब हो, मागेपुढे फुटतात. दिलंत ना? दिलंत, दिसतंय इथून, फूट सारखी आहे. पण आता त्या फुटीची काडी लांबली, आता आवरायचं. का म्हणजे — पुढच्या हंगामाचा घड आत्ता ठरतोय. काडीच्या आत. दिसत नाही काही, पण ठरतोय. आत्ता लाड करून पाणी पाजत राहिलात तर वेल खुशीत येऊन नुसती वाढते, पानंच पानं, मांडव हिरवागार, बघणारा म्हणतो वा, आणि पुढच्या छाटणीला घडाच्या जागी निघते बाळी — बाळी म्हणजे नुसता तणावा, दाणा नाही काही नाही. तेव्हा थोडी ओढ बसू द्यायची. वाळवायची नाही हं, ओढ आणि वाळवणं यात फरक आहे. तो कसा कळतो? मातीत हात घालून. ठिबकच्या नळीखालची, वीतभर आतली माती काढायची, मुठीत दाबायची. लाडू होऊन राहिला तर आज पाणी नाही. भुगा झाला तर सोडायचं, तेही सकाळी, दुपारी नाही.

हे मला यांनी शिकवलं. म्हणजे — शिकवलं म्हणजे काय, बोलून नाही शिकवलं. मी शिवणकाम करायचे, मला मळ्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. विचारलं कधी तर म्हणायचे, तू मशीन सांभाळ, मी मळा सांभाळतो. रागाने नव्हे, वाटणीच तशी होती. मग त्या वर्षी छाटणी संपवून आले, हात धुतले, तुम्ही बसलात तिथेच बसले, आणि चहा मागितला. मागितला म्हणजे, 'च' आला आणि पुढचं आलंच नाही. तोंड एका बाजूला गेलं. मला वाटलं थट्टा करतायत, नकला करायची सवयच होती त्यांना, दूधवाल्याची करायचे, माझ्या आत्याची करायचे. मी म्हटलं, पुरे आता, साखर किती ते सांगा. तेव्हा ते ओट्यावरून घसरायला लागले.

अर्धांग. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं ते नाकात नळी घालून. डॉक्टरबाई मोठ्या समजूतदार होत्या, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हे नीट ऐका, तोंडाने पाणी द्यायचं नाही. घोटभर नाही, चमचाभर नाही. घशाचं दार नीट मिटत नाही यांचं, पाणी वाट चुकेल आणि छातीत उतरेल. जे काय द्यायचं ते नळीतून. ओठ सुकले तर ओल्या कापडाने पुसा. बरं म्हटलं. तेव्हा 'बरं' म्हणायला काय जातं. घरी आल्यावर कळलं. उन्हाळा हा असाच. नळीतून पाणी पोटात जातं हो, शरीराला पोचतं, पण जिभेला काय त्याचं. पिंपाचं झाकण वाजलं की मान वळायची. बोलता येत नव्हतं, डोळ्यांनी मागायचे. मी ओलं फडकं ओठांवरून फिरवायचे, तर ते फडकंच दातात धरून ठेवायचे. सोडवून घ्यावं लागायचं.

आणि बाहेर ही सगळी छाटलेली खोडं. मला त्यांचा विसरच पडला होता. लेक फोनवर म्हणाली, आई, मळा कुणाला तरी करायला दे आणि मोकळी हो. देणार होते. तर सकाळी हे डाव्या हाताने खाटेची पट्टी ठोकायला लागले. मी भांडं आणलं, नको. उशी सरकवली, नको. चादर काढली, घातली. ठोकणं चालूच. शेवटी खिडकीकडे बोट केलं. मग गेले मी, व्हॉल्व्ह कुठला उघडायचा हेसुद्धा माहीत नाही, चुकीचा उघडला, फवारा अंगावर आला, भिजून परत आले, आणि किती भिजलं की पुरे हे विचारायला मूठभर माती घेऊन आले. विचारणार तरी कसं — हातात दिली. डाव्या. त्यांनी ती दाबली, मूठ उघडून बघितली, आणि बोटाने खूण केली, अजून. असं सुरू झालं ते. रोज सकाळी माती आणायची, त्यांच्या हातात द्यायची. दाबायचे, बघायचे. मान हलली तर नाही, बोट खिडकीकडे गेलं तर सोडायचं. लेक आली होती तेव्हा तिने बघितलं, म्हणाली, आई, बाबांच्या अंथरुणात माती? म्हटलं, त्यांचीच आहे.

बरं चाललं होतं तसं. फूट आली, वाढली, आणि मग हे असं ऊन पडलं, तुमचं आत्ताचं, हेच. पानं गळपटून लोंबायला लागली. बघवेना. मी त्यांना म्हटलं, सोडू का हो थोडं, नुसतं पायापुरतं? माती दाबली त्यांनी आणि मूठ मिटूनच घेतली, उघडेनात. म्हणजे नाही. मग बाहेर ती मागतायत आणि आत हे मागतायत, आणि मी दोन्हीकडे नाही म्हणत फिरायचं. सवय होते. खोटं कशाला सांगू, होते सवय. सुई टोचून टोचून बोटाला घट्टा पडतो, मग टोचली तरी रक्त दिसल्यावर कळतं, तसं. पहिले काही दिवस मी त्यांच्यासमोर पाणी प्यायचे नाही, मोरीत जाऊन प्यायचे. मग तिथेच प्यायला लागले.

वन्सं आल्या त्याच सुमाराला. यांची थोरली बहीण. सासूबाई लवकर गेल्या, यांना वाढवलं ते वन्संनी, कडेवर घेऊन शाळेत जायच्या म्हणतात. त्या आल्या, पायाशी बसल्या, आणि भावाने त्यांच्याकडेही तसंच बघितलं. त्या म्हणाल्या, "तो पाणी मागतोय गं." म्हटलं, "हो वन्सं, मागतात. द्यायचं नाहीये." "अगं पण इतकं ऊन आहे." "नळीतून देतोय ना." "नळीतून कोणाची तहान भागली आहे?" मी डॉक्टरबाईंचं सगळं सांगितलं, दार, वाट, छाती. त्यांनी ऐकून घेतलं. मान हलवली. उठून आत जाताना म्हणाल्या, वैऱ्यालासुद्धा पाणी विचारतात. मला लागलं नाही ते. लागायला हवं होतं बहुतेक.

तर एका दुपारी मी तिकडे शेवटच्या ओळीत होते, ठिबकची नळी फुटली होती, तिला जोड लावत होते. खिडकीतून ठसका ऐकू आला. एक, मग दुसरा. हातातलं तिथेच टाकून आले. तर हे उशीला टेकून बसवलेले, हनुवटी ओली, सदऱ्याची पट्टी ओली, खिडकीत पेला, आणि वन्सं टॉवेलने त्यांचं तोंड पुसत होत्या. हे — हे हसत होते. डावीकडूनच, उजवी बाजू नव्हतीच हसायला. आजारानंतर पहिल्यांदा हसताना बघितलं मी त्यांना. पेला उचलला, घासला, पालथा घातला आणि नळी जोडायला परत गेले, पाणी वाया चाललं होतं.

ताप चढला. छाती घरघरायला लागली. डॉक्टरबाई घरी आल्या, छाती ऐकली, इंजेक्शनं दिली, आणि मग मला विचारलं, तोंडाने काही दिलं होतं का? वन्सं दारात उभ्या होत्या, टॉवेल घेऊन. मी म्हटलं, नाही. तसं बोलून काय फरक पडला असता भाऊ, औषध तेच होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, होतं असं कधीकधी, स्वतःची लाळसुद्धा उतरते छातीत. वन्संनी ते ऐकलं. म्हणजे आता त्या असंच धरून चालतात, की लाळेने झालं.

त्याही दिवसांत मी माती आणतच होते. तापात असले तरी दाबायचे, हलकी, पण दाबायचे. आणि एका सकाळी हातात दिली तर बोटं मिटली नाहीत. मी बोटं धरून मिटवली तर ती परत उघडी पडली, माती चादरीवर सांडली. हात गार नव्हता अजून. वन्सं शेजारच्या खुर्चीत झोपलेल्या, कितीतरी जागरणं झाली होती त्यांची. म्हटलं, झोपू देत थोडं. मग चादरीवरची माती गोळा केली, मीच दाबली. भुगा झाला. तेव्हा जाऊन व्हॉल्व्ह उघडला, पाण्याची पाळी पुरी होईपर्यंत तिथेच बसले, बंद केला, हात धुतले, आणि मग वन्संना उठवलं.

कोणीतरी बघितलं होतं मला मळ्यात. माणसं जमली तेव्हा कुजबुज झाली, नवरा आत तसा पडलेला आणि ही पाणी देत होती, काळीज आहे का दगड. असेल. मला तेव्हा रडू आलं नाही, मग नंतर येईल असं सगळे म्हणाले, साठून राहिलंय, येईल. पुढची छाटणी केली, माणसं लावून, तर प्रत्येक काडीला घड, बाळी शोधून सापडेना. बघायला आलेले म्हणाले, अशी बाग त्यांनासुद्धा कधी साधली नव्हती. लेक तो मांडव बघून ढसाढसा रडली. मला वाटलं, आता माझंही येईल. ओळीत बसून राहिले वाट बघत. मुंग्या चढल्या पायावर, तेवढंच. उठले मग.

वन्सं? इथेच असतात. कुठे जाणार त्या, आणि मी तरी एवढ्या घरात एकटी काय करू. चांगलं चालतं आमचं. त्या स्वयंपाक करतात, मी मळा बघते, आणि शिवणही थोडं. संध्याकाळी कधी बसलो की त्या म्हणतात — फक्त मला म्हणतात, दुसऱ्या कोणाला नाही — "एक बरं झालं बघ, जाताना माझ्या हातचं पाणी पिऊन गेला. तेवढं तरी माझ्याच्याने झालं." मी म्हणते, हो वन्सं. दरवेळी म्हणते. त्यांना काय सांगायचं, की त्याच पाण्याने — 

हे मी कोणालाच बोलले नव्हते. लेकीलाही नाही. तुम्ही पाण्याचं विचारायला आलात आणि मी कुठल्या कुठे गेले. नाही, तसं काही म्हणू नका, मला त्रास होत नाही बोलताना, तेच तर आहे. राग? राग कसला, त्यांनी जीव लावून दिलं. मीसुद्धा जीव लावूनच दिलं नव्हतं. आता यातलं कोणाचं बरोबर ते मला —

— काय वन्सं? नाही, काही नाही. हे शेजारच्या मळ्यातले, पाण्याचं विचारत होते. हो, तेच सांगितलं मी, दुपारी द्यायचं नाही म्हणून. तुम्ही चला आत, डोक्याला काही न बांधता आलात. येतेच मी.

उठा भाऊ. उद्या उजाडताना शेंडे बघा आणि मग या. नको, आता काही विचारू नका. जा.