नवरंगाची शीळ आणि आमचे भावजी

जन्म माझा जामसरचा, नांदायला आले दाभोशाला, आणि मधली बरीच वर्षं भिवंडीकडं वीटभट्टीवर गेली, पण ते लिहू नका ताई, ते इथं सगळ्यांचंच तसं असतं. माझं वेगळं काय ते सांगते. मला शीळ येते. बाप माझा फासे लावून पाखरं धरायचा, करवंदीच्या जाळीत बसून पाखरासारखी शीळ घालायचा आणि पाखरू आपल्या पायानं चालत यायचं. मी त्याच्या मांडीला चिकटून बसायचे, तिथंच शिकले. आई म्हणायची, बाईमाणसानं शीळ घालू नये, सासरचे हाकलून देतील. बाप म्हणायचा, घालू दे, सासर लांब आहे अजून. पण बापाचा एक नेम होता. पावसाच्या तोंडी पाखरांनी घरटी केली की फासे आढ्याला टांगायचे आणि शीळ बंद. अंड्यांवर बसलेल्या पाखराला हाक मारायची नाय, ते अंडी टाकून येतं. हा नेम ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

तर काय झालं, दरीच्या वरच्या माळावर एका शेठनं पाहुण्यांसाठी तंबू टाकले आणि मी तिथं भाकऱ्या थापायला लागले. एक दिवस चुलीपुढं सहज शीळ घातली, समोरच्या झाडातून पाखरानं उत्तर दिलं, आणि पाहुणे जेवता जेवता उठून उभे राहिले. झालं. दुसऱ्या दिवसापासून पाखरं दाखवायला मी पुढं आणि शहरातली माणसं दुर्बिणी घेऊन मागं. काय सांगू तुम्हाला, तारपा वाजवणारा कसा पुढं असतो आणि सगळा नाच त्याच्या मागं वळतो, तशी मी त्या दरीत वळायचे आणि डॉक्टर-वकील माझ्या मागं वळायचे.

मग आले भिवा भावजी. माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. वसईकडं कंपनीत होते, तिथनं हिंदी आणि एक टोपी घेऊन आले. शेठला म्हणाले, बाई शीळ घालते, बरं दिसत नाय, आणि आता मोबाईलात सगळ्या पाखरांचे आवाज मिळतात. शेठला पटलं. पाखरं दाखवायला ते पुढं, मी परत चुलीपाशी. वर भावजी मला म्हणतात कसे, वहिनी, तुमच्या हातच्या भाकरीला तोड नाय. ते बोलणं मी पदराच्या गाठीत बांधून ठेवलं.

तेवढ्यावर कदाचित मी गप्पही बसले असते. पण त्याच पावसात ओढ्याकाठी नवरंगाचं घरटं होतं. लहानसं पाखरू, पाठ हिरवी, शेपटीखाली लाल, आणि शीळ अशी की ऐकणारा थांबलाच पाहिजे. भावजींनी घरट्याजवळ दगडावर मोबाईल ठेवला आणि त्याचीच शीळ लावली. पाखराला वाटलं दुसरा नवरंग घुसला. अंडी सोडून ते दगडाभोवती भांडत फिरतंय, पाहुणे फोटो काढतायत, आणि वर कावळे बघतायत. मी संध्याकाळी गेले तर घरट्यात नुसती टरफलं. मी म्हटलं, भावजी, अंड्यांवरच्या पाखराला हाक मारतात का? तर म्हणाले, वहिनी, पाखरूच आहे, दुसरी घालील, तुम्ही पिठाचं बघा.

बरं म्हटलं. पिठाचं बघते.

वर्षभर मी पीठ मळलं आणि वाट बघितली. पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी नवरंग नुकते आले होते, घरटी अजून व्हायची होती, म्हणजे बापाचा नेम मोडायचा नव्हता. ओढ्याच्या पलीकडं खाजकुइलीचा वेल माजलाय. तिच्या वाळल्या शेंगांवर बारीक केसांसारखी सोनेरी कूस असते, अंगाला लागली की खाजवता खाजवता माणूस स्वतःचं नाव विसरतो. वारा बघून मी तिच्या पाठीमागं जाऊन बसले. पाहुण्यांची मला काळजी नव्हती. भावजींची सवय मला ठाऊक, पाहुण्यांना पायवाटेवर बसवायचं आणि पाखराजवळ आधी आपण एकट्यानं जायचं.

मी शीळ घातली. भावजींचा मोबाईल बोलला. मी जरा मागं सरकून, जरा लाडात घातली. मोबाईल आणखी जवळ आला. काय रंग भरला म्हणून सांगू, दीर-भावजयीचं असं कधी जमलं नव्हतं. मग शेंगा खडखडल्या. आणि मग जाळीतून जो आवाज आला तो कुठल्या मोबाईलात मिळायचा नाय. भावजी बाहेर आले ते नाचतच, टोपी एकीकडं, सदरा दुसरीकडं. पाहुण्यांना वाटलं हा इथला काही नाच असेल. त्यांनी टाळ्या धरल्या.

घरी माझी जाऊ रडत आली, जाऊबाई, यांना बघा हो. मी लगेच गेले. खाजकुइलीवर शेणाचा लेप देतात, तो वाळला की कूस त्याच्याबरोबर निघते. अंगणात मोहाखाली बसवून मी भावजींना पायापासून कपाळापर्यंत शेण थापलं, अगदी मायेनं, भाकरी थापावी तसं. सगळं गाव बघायला आलं. गालावर हात फिरवताना मी त्यांच्या कानाशी वाकून हळूच नवरंगाची शीळ घातली. त्यांचे डोळे असे मोठे झाले. पण तोंडावरचं शेण वाळत आलेलं, बोलतात कसे?

भावजींना हे कुणाला सांगायची सोय नव्हती, सांगितलं असतं तर दोनदा हसले असते लोक. पाखरं दाखवायचं काम आजही त्यांच्याकडंच आहे, माझ्याकडं चूल आहे, ते काय फिरलं नाय. पण या पावसात ओढ्याकाठी नवरंग खरंच बोलत होता. पाहुणे म्हणाले, दादा, ऐका, नवरंग. भावजी म्हणाले, नवरंग नाय तो, आमची वहिनी आहे, चला पुढं. मी तेव्हा इथं चुलीपाशी होते ताई, हात पिठात. घरट्यातली सगळी पिल्लं उडून गेली, मी जाऊन बघून आले.

आता माझं कुणाशी वैर नाय. भावजींना देवानं खूप आयुष्य द्यावं. दर पावसाळ्यात त्यांनी त्या ओढ्यावरून बाह्या खाली ओढून, मान खाली घालून जावं, आणि नवरंगानं त्यांना घरट्यात बसून पोटभर शिव्या द्याव्यात, माझ्या आवाजात.